जोडलेली भुवई

साहेब, तुम्ही पोरीकडे बघितलंच नाहीत. तुम्ही कागद बघितलात, कागदावरचा फोटो बघितलात, फोटोवरचा शिक्का बघितलात, मनगटावरचं घड्याळसुद्धा बघितलंत, आणि मग म्हणालात, "हा फोटो तुझा नाही. बाजूला उभी राहा." समोर हाडामांसाची मुलगी उभी होती, घाम पुसत होती, खरं बोलत होती. तिला विचारायचं सोडून तुम्ही कागदाला विचारलंत की ही कोण. आणि कागद कधी कुणाचा झालाय?

आता तो फोटो कुणाचा होता ते ऐका. घाई करू नका. तिला थांबवताना तुम्हाला घाई नव्हती.

पोरीचा बाप फोटोवाला. सायकलवाला आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखं त्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. पोर लहान होती तेव्हा फोन लोकांच्या खिशात आले नव्हते. चेहरा कागदावर उतरवायचा तर अंघोळ करून, केस विंचरून त्याच्याकडेच यावं लागायचं. आख्खी गल्ली त्याला 'जरासं' म्हणायची. कारण कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं की त्याच्या तोंडून तेवढा एकच शब्द निघायचा. "हनुवटी खाली, जरासं. डोकं डावीकडे, जरासं. आता हसा. अहो, जरासं!" सायकलवाला तर ट्यूबमध्ये हवा भरतानासुद्धा ओरडायचा, "किती भरू? जरासं?" आणि स्वतःच हसत सुटायचा.

मुलीला सगळे माऊ म्हणायचे. चालायला लागली तेव्हापासून तिच्या मागे-पुढे एखादं तरी मांजर असायचंच. रस्त्यावरचं लंगडं कुत्रं, पंख मोडलेलं कबुतर, सगळ्यांचा मुक्काम डार्करूमच्या दाराशी. आत्या आली की उंबऱ्यातच थबकून विचारायची, "फोटोचं दुकान इथंच होतं ना गं? की आता नुसती जनावरंच उरली?"

जनावरांची डॉक्टर व्हायचं हे माऊने शाळेत असतानाच ठरवलं होतं. आणि त्या कॉलेजात शिरायचं तर एकच दार. ती प्रवेशपरीक्षा. ज्या दारावर, साहेब, तुम्ही.

पण आधी भुवईचं सांगितलं पाहिजे.

माऊ लहान असताना दुकानात दिव्याचा एक उंच स्टँड होता, त्याला वर पत्र्याचं झाकण. एका दुपारी एक कुटुंब फोटोला बसलेलं, बाप काळ्या कापडात, "सगळ्यांनी इकडे बघा" चाललेलं. माऊ मांजराच्या पिल्लामागे धावली, पिल्लू वायरीखालून निसटलं, माऊ निसटली नाही. स्टँड खाली आला. पत्र्याच्या कडेने डाव्या भुवईचे सरळ दोन तुकडे झाले, आणि वर कपाळात एक रेघ गेली. बापाला आवाज ऐकू आला, पण कापडातून डोकं बाहेर काढायला जो वेळ लागला, तो त्याने स्वतःला कधी माफ केला नाही. टाके पडले, जखम भरली, पण भुवईत फट राहिली ती राहिलीच. स्टँडच्या पायांत त्याच संध्याकाळी विटा अडकवल्या गेल्या. पुढे माऊ कॉलेजच्या वयाची झाली तरी त्या विटा तिथेच होत्या.

आणि तेव्हापासून माऊचा एकही फोटो तसाच्या तसा दुकानाबाहेर गेला नाही.

रिटचिंग हा जरासंचा प्राण. त्याचा ब्रश इतका बारीक, की टोकाला केस आहेत का नाहीत ते उजेडात धरून बघावं लागे. तो ब्रश जिभेच्या टोकावर ओला करायचा, रंगाला नुसता शिवायचा आणि मग श्वास रोखून एक टिंब. एखाद्याचा चामखीळ गेला, एखादीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. कोपऱ्यावरच्या वकिलाची दुहेरी हनुवटी त्याने इतक्या वेळा एकेरी केली होती, की वकील प्रत्यक्ष समोर आले की लोक दचकायचे. कुणी म्हणालं, "अहो, आहे तसंच राहू द्या की," तर त्याचं उत्तर तयार असे. "आहे तसा चेहरा आरशात फुकट दिसतो. त्यासाठी माझ्याकडे कशाला आलात?"

माऊच्या बालपणीची सगळ्यात गोड जागा म्हणजे ती डार्करूम. लाल दिवा, औषधांचा नाकात चढणारा वास, आणि पालथ्या खोक्यावर बसलेली ती. ट्रेमधल्या पाण्यात पांढरा कागद पडायचा आणि हळूहळू त्यातून माणूस वर यायचा. आधी केसांचा काळेपणा, मग डोळे, मग ओठ. बाप विचारायचा, "ओळख, कोण?" तोंड उमटायच्या आत ओळखायचं, असा खेळ. माऊ नुसत्या भांगावरून माणसं ओळखायची. "औषधवाले काका!" "शाब्बास. आणि ही?" "आत्या. पण आत्या एवढी गोरी कुठे?" "गप. ऐकेल ती."

बाहेरच्या टेबलावर आई कटरने फोटो कापत बसलेली असायची. खट्, खट्. आई फार बोलायची नाही. मुलगी आत आहे, नवरा आत आहे, बाहेर कटर चालू आहे, एवढ्यावर ते घर सुखी होतं. आज तसलं सुख दुकानात मिळत नाही आणि घरातही मिळत नाही, म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

भिंतीवर माऊच्या दर वाढदिवसाचा एक फोटो. सगळ्यांत दोन्ही भुवया अखंड. घरातल्या कुणाला त्यात काही वावगं दिसत नसे. त्या घरात माऊचा फोटो म्हणजे तोच, दुसरा कुठला असतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायची वेळ आली, तेव्हा बापाने आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम केलं. केसागणिक केस जोडला. भिंग तिच्या हातात देऊन म्हणाला, "शोध बघू, कुठे होती ती फट." तिला सापडली नाही. आई म्हणाली, "देवाने केली असती तरी इतकी चांगली झाली नसती." तिघं हसली. फोटो अर्जावर चिकटला, शिक्का बसला.

आणि तो कागद घेऊन पोर तुमच्यासमोर आली.

"फोटोत भुवई अख्खी आहे," तुम्ही म्हणालात.

"हो. बाबांनी जोडली."

"जोडली?"

"ब्रशने. ते फोटोवाले आहेत."

तुम्ही मागे वळून तुमच्या शेजारच्याला म्हणालात, "ऐकलंस का? बाबांनी भुवई जोडली म्हणे. उद्या बाबा मार्कही जोडतील." रांगेतली पोरं हसली. पोरांचं काय, पोरं घाबरलेली होती, घाबरलेली माणसं कशालाही हसतात. तुम्ही कशाला घाबरला होतात, साहेब?

सायकली लावायच्या शेडखाली ती उभी राहिली. आत घंटा झाली ती तिने तिथून ऐकली. पेपर वाटल्याची सळसळ ऐकली. वरिष्ठ येतील, ते ठरवतील, असं तुम्ही सांगितलं होतं, आणि वरिष्ठ चहा पीत होते. ते आले, त्यांनी तिची सही दोन ठिकाणी घेतली, अंगठा घेतला, आणि खांदे उडवून म्हणाले, "अरे, हीच आहे की. सोड तिला." इतकंच काम होतं! आत गेली तेव्हा शेजारचा मुलगा अर्ध्यावर पोचला होता. वेळ वाढवून मिळेल का, असं तिने विचारलं. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "उशिरा यायचं आणि वर तोंड करून विचारायचं?"

संध्याकाळी बाप दुकानाच्या पायरीवर उभा होता. "कसा गेला?"

माऊने त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारा ब्रश बघितला.

"अवघड होता," ती म्हणाली.

बस्स. एवढं एक वाक्य, आणि त्याच्यावर सगळं वर्ष उभं राहिलं. निकाल लागला, प्रवेश थोडक्यात हुकला. घरात सगळ्यांची समजूत झाली, की पोर अभ्यासात कमी पडली. आत्या आली, सांत्वन केलं आणि जाता जाता म्हणाली, "बरं झालं बाई. कुत्र्यामांजरांच्या मागे कुठे शिकायचं? भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, आणि ही कुत्री आवरायची पदवी घेणार होती!" माऊसुद्धा हसली. खरं सांगायला तोंड उघडावं तर बापाचा ब्रश आडवा येई. त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर कामाने पोरीचं वर्ष गेलं, हे त्याला कुणी सांगायचं? तिने मूग गिळले.

ती दुकानात बसू लागली. आणि खरं सांगायचं तर ते दिवस वाईट नव्हते, तीच तर पंचाईत होती. सकाळी काच पुसायची, गिऱ्हाइकांना कंगवा द्यायचा, रडणाऱ्या बाळासमोर मांजर धरून त्याला हसवायचं. पुन्हा तोच लाल दिवा, तेच खोकं. आता खोक्यावर बसलं की गुडघे हनुवटीला लागत. "ओळख, कोण?" बाप विचारायचा आणि तिला वाटायचं, कशाला हवं ते कॉलेज? इथेच राहावं. हा वास, ही खट् खट्, हे दोघं. अशी गोड चिखलात रुतत चालली होती पोर. रुतणाऱ्याला चिखल मऊच लागतो.

पुढच्या परीक्षेचे अर्ज निघाले.

"बस पुन्हा," बाप म्हणाला. जेवताना, पाणी पिताना, कुलूप लावताना म्हणाला.

"नको. मला नाही जमायचं."

"का नाही? नंदीबैलाने मान हलवून सांगितलं का तसं?"

"बैलाला काय कळतंय. मी म्हणते ना, नको."

"अगं, तू तरी सांग हिला," तो आईला म्हणाला.

आईने कटर थांबवला. "तिला जमतं," ती म्हणाली. "न जमणारी पोर निकालाच्या दिवशी रडते. ही परीक्षेच्या दिवशी रडली. मोरीत. नळ सोडून." आणि पुन्हा खट्.

बापाने दोघींकडे बघितलं. त्याला काही कळलं नाही. माऊला मात्र कळलं, की आईला कशाचातरी सुगावा लागलाय आणि ती विचारणार नाही.

परीक्षेला बसायचं म्हणजे फोटो. फोटो म्हणजे बाबा. पुन्हा तीच जोडलेली भुवई घेऊन त्याच दारात जायचं, नाहीतर बापाला सांगायचं. मधली वाट एकच होती, आणि एका दुपारी माऊ त्या वाटेने गेली. बसस्टँडवर पडदा लावलेलं एक यंत्र होतं, नाणं टाकलं की डोळ्यांवर उजेड मारायचं आणि खालच्या फटीतून चार फोटो टाकायचं. फोटोवाल्याच्या मुलीने तिथे जाणं म्हणजे आचाऱ्याच्या मुलीने चोरून बाहेर जेवणं. पडद्याआड शिरताना तिने मागे वळून बघितलं.

फोटो खाली पडले. ओलसर होते. तिने उचलले, आणि बघितलं, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: हा फोटो माझा नाही.

साहेब, तुमचेच शब्द.

भुवई तुटकी, कपाळावर पांढरी रेघ. आरशात रोज दिसायची, पण आरशाकडे बघताना माणूस भांग बघतो, दात बघतो, स्वतःला सांभाळून घेतो. कागदावर ती अशी कधी उतरलीच नव्हती. बसस्टँडच्या बाकावर बसून तिने तो चेहरा खूप वेळ बघितला. हळूहळू ओळख पटत गेली, ट्रेमधल्या पाण्यातून माणूस वर यावा तशी. ही ती. मांजरामागे धावलेली. स्टँडखाली सापडलेली. टाके घालताना 'पिल्लू कुठंय' असं विचारत राहिलेली.

फोटो गुपचूप चिकटवून अर्ज पाठवता आला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग तिला वाटलं, जिला स्वतःची खूण बापासमोर धरता येत नाही, ती त्या दारावर काय धरणार? तिने चारही फोटो फाडले आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, बसते पुन्हा. फोटो काढा."

बाप इतका खूश झाला, की त्याने दुकानावर 'बंद' अशी पाटी लावली. तिला दिव्यासमोर स्टुलावर बसवलं, दिवा लावला, कापडात शिरला. "हनुवटी खाली, जरासं." मग दोघं डार्करूममध्ये. कागद पाण्यात पडला. केस आले, डोळे आले.

"ओळख, कोण?" बाप म्हणाला.

माऊने कागद चिमट्याने उचलून दोरीला लावला.

फोटो सुकला. बाप टेबलाशी बसला, चष्मा चढवला, खिशातून ब्रश काढला, जिभेवर ओला केला. माऊने फोटोवर तळहात ठेवला.

"राहू द्या, बाबा."

"काय राहू देऊ?"

"भुवई."

"अगं, आत्ता होईल. तू हात तर काढ."

"ब्रश नका लावू. मागच्या वेळी दारावर अडवलं मला. म्हणाले, हा फोटो तुझा नाही, आणि वर थट्टा करून हसले. आत सोडलं तोवर पेपर अर्धा झाला होता."

बाहेरचा कटर थांबला.

बापाने ब्रश तसाच धरलेला. जिभेच्या टोकावर रंगाचा काळा ठिपका, बोलायला तोंड उघडलं तेव्हा तो दिसला. "फोटो चांगला काढला, हा गुन्हा?" तो ओरडला. मग उठला, परत बसला. "तू म्हणालीस, अवघड होता."

"होता ना अवघड."

"वर्षभर! वर्षभर माझ्या शेजारी बसून कंगवे वाटलेस!"

"मग काय सांगणार होते? तुमच्या ब्रशने घात केला म्हणून?"

"हो! तेच सांगायचं!" त्याचा आवाज फाटला. "मी काय साखरेचा आहे, विरघळेन म्हणून?"

आई दारात येऊन उभी राहिली. "आहातच तुम्ही साखरेचे," ती म्हणाली. "तिने बरोबर ओळखलं. भांगावरून माणसं ओळखते ती." आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "पण माझ्यापासूनसुद्धा? मी तर नुसती कापते. मी कुणाचं काय जोडलं होतं?"

मग बापाने फोटो उचलला, उजेडात धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावर बापाच्या जागी फोटोवाला आला. "हा चालायचा नाही," तो म्हणाला.

"का? भुवई दिसतेय की."

"कुठे दिसतेय? दिवा समोरून मारलाय मी. समोरचा उजेड खळगे भरून काढतो. तुझा फोटो मी नेहमी समोरच्याच उजेडात..." तो थांबला. त्याला स्वतःलाच ते आत्ता दिसलं असावं. ब्रशच्याही आधी, दिवा लावतानाच तो ती खूण पुसत आला होता. त्याने फोटो फाडला. "बस परत स्टुलावर."

तो स्टँडजवळ गेला. वाकून पायांतल्या विटा काढल्या. इतक्या वर्षांनी तो स्टँड जागचा हलला. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने पत्र्याचं झाकण, असा घट्ट धरून त्याने तो तिच्या डाव्या बाजूला नेला. आई न सांगता पुढे झाली आणि स्टँडला आधार देऊन उभी राहिली.

"डोकं उजवीकडे," तो कापडातून म्हणाला. "जरासं. अजून. अजून."

'अजून' हा शब्द त्या दुकानात कुणी ऐकला नव्हता.

"हसू का?" माऊने विचारलं.

"नको. तो दारावरचा हसलाय ना, ते पुरे झालं."

तो फोटो अर्जावर लागला. त्याचीच एक मोठी प्रत जरासंने दुकानाच्या काचेत लावली, तिथला वकिलांचा फोटो काढून त्याच्या जागी. आत्या आली, काचेपुढे उभी राहिली, म्हणाली, "दादा, एवढा मोठा लावलास आणि हात फिरवायचा राहिला की रे."

"राहिला नाही," जरासं म्हणाला. "पूर्ण आहे."

तर साहेब, पोर पुन्हा येते आहे तुमच्या दारात. तीच पोर, तीच भुवई. या वेळी फोटो जुळेल, तुम्ही मान हलवाल, ती आत जाईल आणि तुम्हाला वाटेल, झालं, प्रकरण मिटलं. नाही मिटलं. बापाने दिवा हलवला. इतकी वर्षं जे बघवत नव्हतं ते त्याने डोळे उघडून बघितलं. पोरीने तोंड उघडलं. आईने स्टँड धरला. त्या घरातल्या प्रत्येकाने आपापलं काम केलं. तुम्ही काय केलंत? मागच्या वेळी तुमच्यापासून हातभर अंतरावर ती कपाळावर जन्मभराची खूण घेऊन उभी होती, नाव सांगत होती, बापाचा धंदा सांगत होती. कपाळावरची खूण कोणी उसनी आणतं का? मान वर करून एकदा तिच्या तोंडाकडे बघायला तुम्हाला काय झालं होतं?

खांदे उडवू नका. वरिष्ठांना विचारून सांगतो, म्हणू नका. तुम्ही सांगा.